लिस्बनमध्ये मित्रांसोबत एक दिवस: चढ गाडीने, उतार पायी

लिस्बनच्या नकाशावर बाजारपेठेतला रोसिउ चौक आणि वरचा किल्ला यांत जेमतेम अर्ध्या किलोमीटरचं अंतर दिसतं. चार मित्र उत्साहाने चालायला लागतात आणि वीस मिनिटांनी घामाघूम होऊन कुठल्यातरी पायऱ्यांवर बसतात. एकाचे गुडघे बोलायला लागलेले असतात, दुसऱ्याला भूक लागलेली असते, तिसरा टॅक्सी शोधत असतो. तेवढ्यात तीन वाजतात आणि हॉटेलांची स्वयंपाकघरं बंद होतात. पोर्तुगालच्या या राजधानीत दिवस बिघडतो तो बहुतेक याच दोन कारणांनी: चुकीच्या वेळी चढलेला चढ आणि चुकलेली जेवणाची वेळ. खालचा आराखडा या दोन गोष्टी सांभाळून आखला आहे. चार ते सहा जणांच्या गटाला तो नीट बसतो. त्याहून जास्त असाल तर जेवायला दोन टेबलं करायची तयारी ठेवा, कारण इथल्या जुन्या खाणावळींत एकूण टेबलंच दहा-बारा असतात.

गावांची आणि चौकांची नावं इथे शक्यतो स्थानिक उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, म्हणजे ट्राममधल्या घोषणा ओळखता येतील. पाट्या वाचताना दोन नियम लक्षात ठेवा. शब्दाच्या शेवटचा 'ओ' बहुधा 'उ' होतो आणि शेवटचा 'एस' 'श' होतो. 'सी'च्या खाली शेपूट काढलेली दिसली की तिथे 'स' म्हणायचं.

दिवस कोणता

सोमवार नको. सकाळचा आपला मुख्य थांबा, बेलेम भागातला जेरोनिमोसचा मठ, सोमवारी बंद असतो. १ जानेवारी, ईस्टरचा रविवार, १ मे, १३ जून आणि २५ डिसेंबर या दिवशीही बंद. रविवारी मठाच्या चर्चमध्ये प्रार्थना चालू असते आणि बऱ्याच छोट्या खाणावळींना सुट्टी असते. मंगळवार ते शुक्रवार सर्वांत बरे. १२ जूनची रात्र म्हणजे संत आंतोनियुचा उत्सव. अल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्लीबोळांत शेगड्या मांडून सार्डिन मासे भाजले जातात. वातावरण फार सुंदर असतं, पण त्या दिवशी हा आराखडा चालणार नाही, कारण संध्याकाळी त्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते.

जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमाराला मावळतो, डिसेंबरमध्ये सव्वापाचच्या आसपास. हिवाळ्यात जात असाल तर दुपारचा टप्पा तासाभराने आवरता घ्या.

बूट मऊ रबरी तळव्याचे घाला. फुटपाथ चुनखडीच्या लहान-लहान चौकोनी दगडांचे आहेत. वर्षानुवर्षांच्या पावलांनी ते गुळगुळीत झालेत आणि पाऊस पडला की उतारावर अक्षरशः पाय निसटतो. नदीकाठी संध्याकाळी अटलांटिकचा गार वारा सुटतो, म्हणून भर उन्हाळ्यातही एक पातळ जॅकेट पिशवीत हवं.

तिकीट: प्रत्येकाचं कार्ड वेगळं

मेट्रो स्टेशनवरच्या मशीनमधून 'नावेगांत' नावाचं कार्ड घ्या. किंमत अर्धा युरो. एका कार्डावर दोघांचा प्रवास होत नाही, त्यामुळे चौघांना चार कार्डं लागतात. घेतल्याबरोबर प्रत्येकाने आपल्या कार्डावर नाव लिहावं. सगळी कार्डं दिसायला सारखीच असतात आणि दुपारपर्यंत अदलाबदल झालेली असते.

त्यावर भरायचं काय, यात लोक गोंधळतात. नुसतं २४ तासांचं बस-मेट्रोचं तिकीट साधारण ७ युरोंना मिळतं, पण त्यात नदीपार जाणारी फेरीबोट येत नाही. आपल्याला संध्याकाळी बोट घ्यायची आहे, म्हणून मशीनवर 'कारिस, मेट्रो, त्रान्शतेजु (कासिल्याश)' असा २४ तासांचा पर्याय निवडा (कारिस म्हणजे बस-ट्राम, त्रान्शतेजु म्हणजे फेरीबोट, कासिल्याश हा पलीकडचा धक्का). तो १० ते ११ युरोंच्या घरात असतो. याच यादीत उपनगरी रेल्वेचा समावेश असलेलं तिसरं तिकीटही आहे. जवळच्या सिंत्रा गावाला जायचं असेल तर ते उपयोगाचं, आज नाही. आणि ज्या कार्डावर सुटे पैसे भरून ठेवले आहेत, त्याच कार्डावर ते संपेपर्यंत दिवसाचं तिकीट भरायला जाऊ नका. मशीन नाकारतं आणि मागे रांग खोळंबते.

चोवीस तास मोजले जातात ते पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून. चढताना प्रत्येक वेळी कार्ड यंत्राला लावायचं, तिकीट दिवसभराचं असलं तरी. ट्राममध्ये चालकाकडून रोख तिकीट घेतलं तर एका फेरीला तीन युरोंहून जास्त पडतात.

सकाळी ८: बेलेम

प्रासा दा फिगेइरा या चौकातून १५ ई ट्राम सुटते. सुरुवातीच्या थांब्यावर चढलात तर बसायला जागा मिळते. बेलेमला पोचायला २५ ते ३० मिनिटं लागतात. रुळांच्या कामामुळे ट्राम बंद असेल तर त्याच चौकातून ७१४ नंबरची बस, किंवा नदीकाठच्या काइश दु सोद्रे स्थानकावरून ७२८ नंबरची बस पकडा. मठाच्या एक थांबा आधी, 'बेलेम' याच थांब्यावर उतरायचं, कारण आधी नाश्ता.

'पाश्तेइश द बेलेम' हे दुकान १८३७ पासून इथे आहे आणि सकाळी आठला उघडतं. बाहेर निळे कापडी छत आणि बहुधा एक रांग. ही रांग बांधून नेणाऱ्यांची असते. आत बसून खायचं असेल तर त्या रांगेत उभं राहू नका, सरळ दारातून आत जा. मागच्या बाजूला एकामागून एक निळ्या-पांढऱ्या फरशांची दालनं आहेत आणि शेकडो माणसं बसतील एवढी जागा आहे. बाहेर अर्धा तास उभं राहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.

माणशी दोन पेस्ट्री सांगा. पापुद्र्यांची करकरीत वाटी, आत अंड्याच्या पिवळ्या बलकाचं आणि दुधाचं घट्ट कस्टर्ड, वरून भट्टीच्या आचेने पडलेले काळे डाग. शहरात इतरत्र हाच पदार्थ 'पश्तेल द नाता' या नावाने मिळतो. पहिली तशीच खा, दुसरीवर दालचिनी आणि पिठीसाखर भुरभुरा. गरम असतानाच खायला हवी. डब्यात बांधून संध्याकाळपर्यंत ठेवली की पापुद्रा ओला पडतो आणि मजा जाते. गटात कुणी अंडं खात नसेल तर हा पदार्थ त्यांच्यासाठी नाही. त्यांना भाजलेल्या पावाला लोणी लावून 'तोराडा' मागवा. जाडजूड येतो, पोट भरतं.

कॉफीत 'बिका' म्हणजे इवलासा कडक कप. दुधाची सवय असलेल्यांनी 'गालाँउ' सांगावा. उंच काचेच्या ग्लासात भरपूर दूध आणि थोडी कॉफी येते. चहाला इथे 'शा' म्हणतात. नुसतं 'शा' म्हटलं तर बिनदुधाचा येतो. 'शा प्रेतु कोम लेइत' म्हणा, म्हणजे काळा चहा, दुधासह.

मठ आणि नदीकाठ

मठ साडेनऊला उघडतो. नऊ-सव्वानऊला तिथे असा, हे आजच्या दिवसातलं सर्वांत महत्त्वाचं वेळापत्रक. दहानंतर पर्यटकांच्या बसगाड्या येतात आणि रांग मैदानापर्यंत जाते. आतल्या चौकाचं तिकीट २०२५ मध्ये १८ युरो होतं. ते अधिकृत संकेतस्थळावरून वेळेसह आधीच काढून ठेवा. चर्चचं दार आणि आतल्या चौकाचं दार वेगवेगळं आहे, रांगाही वेगळ्या. गटातले दोघे एका रांगेत आणि दोघे दुसऱ्या रांगेत, असं होऊ देऊ नका.

बांधकाम सोळाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, राजा मानुएल पहिला याच्या काळात सुरू झालं. पैसा आला तो आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर बसवलेल्या पाच टक्के करातून. म्हणजे मलबारच्या किनाऱ्यावरून निघालेल्या गलबतांचा हिशेब या दगडांत आहे. तो डोळ्यांनी दिसतोही: खांबांवर पिळाचे दोर, पोवळी, नौकानयनाची गोल यंत्रं कोरलेली आहेत. चर्चमध्ये शिरल्यावर लगेच, वरच्या सज्जाखाली, डावीकडे वास्को द गामाची समाधी आहे आणि उजवीकडे कवी लुईश द कामोंइशची. गामा १५२४ मध्ये कोचीनला वारला, पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या आणि १८८० मध्ये इथे आणल्या. बहुतेक लोक इथूनच फोटो काढून वळतात. तुम्ही वेदीपर्यंत जा. तिथल्या राजांच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवल्या आहेत.

आतल्या चौकाला पाऊण तास द्या. दोन मजली कमानींची ही ओवरी वरच्या मजल्यावरून जास्त चांगली दिसते, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात चुनखडीचा दगड मधासारखा होतो.

बाहेर पडल्यावर दोन वाटा. दुकानाच्या दिशेने मागे पाच-सात मिनिटं चाललात तर बागेत उंच खांबावर आफोन्सु द आल्बुकेर्कचा पुतळा आहे. १५१० मध्ये विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा घेणारा तो हाच. शाळेत शिकलेला इतिहास इथे दुसऱ्या काठावरून दिसतो आणि गोव्याच्या किंवा वसईच्या माणसाने तो जरूर बघावा. दुसरी वाट नदीकडे जाते. रस्ता आणि रेल्वेचे रूळ ओलांडायला मठासमोरच्या बागेच्या टोकाला भुयारी मार्ग आहे. रुळांवरून पलीकडे जाण्याचा प्रयत्न करू नका. पलीकडे दर्यावर्दींचं १९६० सालचं स्मारक आणि त्याच्या पायाशी ५० मीटर व्यासाची दगडी होकायंत्राची रचना आहे. मध्यभागी जगाचा नकाशा आहे, त्यावर आपला किनारा शोधून उभं राहा. स्मारकावर चढायचं वेगळं तिकीट आहे, ते वगळलं तरी चालेल. वरून दिसणारा देखावा संध्याकाळी बोटीतून याहून चांगला मिळणार आहे.

बेलेमचा मनोरा तिथून एक किलोमीटरवर. २०२५ मध्ये तो दुरुस्तीसाठी बंद केला होता, म्हणून आत जायचा बेत असेल तर आधी चौकशी करा. ऊन कडक असेल तर सरळ सोडून द्या. साडेअकराला परतीची ट्राम पकडणं जास्त मोलाचं आहे.

ही परतीची ट्राम खच्चून भरते. पाकीट मागच्या खिशात नको, पाठीवरची पिशवी पोटावर घ्या. दाराशी गर्दी असेल आणि कुणी उगाच खेटत असेल तर उतरून पुढची घ्या.

दुपारचं जेवण: साडेबाराच्या आत टेबलावर

काइश दु सोद्रेला उतरा. लिस्बनची माणसं साडेबारा ते दोनमध्ये जेवतात. सव्वाबाराला पोचलात तर सहाजणांचं टेबल मिळतं, एक वाजता तेच टेबल मिळायला चाळीस मिनिटं थांबावं लागतं. तीननंतर बहुतेक स्वयंपाकघरं संध्याकाळी सातपर्यंत बंद.

चांगली खाणावळ ओळखायची खूण: दारावर हाताने लिहिलेला कागद, वर 'प्रातुश दु दिया' म्हणजे आजची ताटं, आणि आत जेवत बसलेले कचेरीतले लोक. टाळायच्या ठिकाणाची खूण: जेवणाचे रंगीत फोटो, सहा भाषांतला मेन्यू आणि दारात उभा राहून बोलावणारा माणूस. मुख्य पादचारी रस्ता सोडून दोन गल्ल्या आत गेलात की पहिल्या प्रकारची ठिकाणं दिसायला लागतात. आजचं ताट ९ ते १३ युरोंना पडतं.

बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह, लोणी, कधी चीज टेबलावर येतं. याला 'कुव्हेर' म्हणतात आणि ते फुकट नसतं. प्रत्येक वस्तूची किंमत मेन्यूवर असते. न मागवलेली आणि न खाल्लेली वस्तू बिलात लावता येत नाही, तेव्हा नको असेल तर लगेच परत पाठवा. पाव मात्र ठेवून घ्या, चांगला असतो.

इथेच मराठी माणसाला एक सोय होते. पावाला इथे 'पाँउ' म्हणतात, बटाट्याला 'बताता', कोबीवर्गातल्या भाजीला 'कोव', अननसाला 'आनानाश'. आपल्या भाषेत हे शब्द इथूनच आले. फसवणारा शब्द एकच: 'पेरा' म्हणजे पेरू नव्हे, नासपती. उलट दिशेने गेलेला शब्दही आहे. 'कांजा' हे भात घातलेलं कोंबडीचं पातळ सूप म्हणजे मल्याळममधली कांजी, आपल्या पेजेची बहीण. कुणाचं पोट बिघडलं असेल तर तेच मागवा.

प्रमाणाचा अंदाज असा. 'दोझ' म्हणजे पूर्ण वाढप, ते बऱ्याच ठिकाणी दोघांना पुरतं. 'मेया दोझ' म्हणजे अर्धं, एकट्याला पुरेसं. चौघांसाठी चार सूप आणि तीन वेगवेगळी पूर्ण वाढपं मागवून मध्ये ठेवा. ताटात भात आणि तळलेला बटाटा दोन्ही येतात, त्यामुळे जास्त मागवलं की उरतं.

मासे खाणाऱ्यांनी सुरुवात 'बाकल्याउ आ ब्राश'ने करावी. बाकल्याउ म्हणजे खारवून सुकवलेला कॉड. तो एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवतात, मग तंतू सोडवून कांदा, तळलेल्या बटाट्याचे बारीक काप आणि अंडं घालून परततात. काटा नसतो, खारटपणा बेताचा असतो, म्हणून पहिल्या भेटीला हाच बरा. नुसता उकडलेला बाकल्याउ सवय नसलेल्याला कोरडा लागतो. 'पोल्वु आ लागारेइरु' म्हणजे ऑक्टोपस, दाबून फोडलेले बटाटे आणि भरपूर ऑलिव्ह तेल. सार्डिन खरे जून ते सप्टेंबर, एरवी बहुधा गोठवलेले येतात. जेवण आपल्या जिभेला सौम्य वाटेल. 'पिरी-पिरी' मागा, मिरचीचं तेल आणून देतात.

बीफ आणि डुक्कर न खाणाऱ्यांनी तीन नावं लक्षात ठेवावीत. 'बितोक' म्हणजे वर अंडं ठेवलेला बीफचा काप. 'बिफाना' म्हणजे पावातलं डुकराचं मांस. आणि तिसरं, जे सर्वांत जास्त फसवतं: 'शामुसा'. हा आपला समोसाच, गोवा आणि मोझांबिकच्या वाटेने इथल्या प्रत्येक कॉफीच्या दुकानात पोचलेला. काचेच्या कपाटात ओळखीचा त्रिकोण दिसला की हात पुढे जातो, पण आत बहुतेक वेळा बीफ किंवा कोंबडी असते. 'द लेगूमश?' म्हणजे 'भाज्यांचा का?' असं विचारूनच घ्या.

शाकाहाऱ्यांनी 'सें कार्न', म्हणजे 'मांसाशिवाय', एवढंच सांगून भागत नाही. ट्यूना घातलेलं सॅलड समोर येतं आणि देणाऱ्याच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नसते. पूर्ण वाक्य म्हणा: 'नाँउ कोमु कार्न नेंइ पेइश', मी मांस खात नाही आणि मासेही नाही. 'काल्दु वेर्द' हे बटाटा आणि बारीक चिरलेल्या हिरव्या पाल्याचं सूप वरवर शाकाहारी दिसतं, पण त्यात डुकराच्या सॉसेजची चकती असते आणि नुसती चकती काढून उपयोग नाही, कारण ती बऱ्याचदा सुपातच शिजवलेली असते. भाज्यांचं साधं सूप मागवा आणि पाणी कशाचं आहे ते विचारा. एक पदार्थ मात्र शोधून खाण्यासारखा आहे: 'पेइशीन्युश दा ओर्ता'. शब्दशः 'बागेतले छोटे मासे', प्रत्यक्षात पिठात बुडवून तळलेल्या फरसबीच्या शेंगा. भजीच ती. पिठात अंडं असू शकतं, तेवढं विचारा.

गटात काटेकोर शाकाहारी जास्त असतील तर मार्तिम मोनिझ चौकाजवळच्या बेन्फोर्मोझु रस्त्यावर भारतीय, नेपाळी, बांगलादेशी जेवण मिळतं. ते आपल्या दुपारच्या वाटेवरच आहे. लुमियार भागातल्या हिंदू समाजाच्या राधाकृष्ण मंदिराचं शाकाहारी उपाहारगृहही आहे, पण ते शहराच्या उत्तरेला असल्याने त्यासाठी वेगळा दिवस ठेवावा.

बिल एकच येतं. 'सेपारादु' म्हटलं तर काही ठिकाणी वेगवेगळं करतात, गर्दीच्या वेळी शक्यतो मागू नका. एकाने भरावं आणि संध्याकाळी हिशेब करावा. छोट्या खाणावळींत कधीकधी फक्त स्थानिक 'मुल्तिबांकु' कार्ड किंवा रोख चालते, म्हणून माणशी तीसेक युरो सुटे हवेत. ते 'मुल्तिबांकु' लिहिलेल्या एटीएममधून काढा आणि यंत्राने रुपयांत हिशेब करून देऊ का असं विचारलं तर नकार देऊन युरोच निवडा. रुपयांतला दर नेहमी महाग पडतो. बक्षिसी सक्तीची नाही, वरचे सुटे किंवा पाच ते दहा टक्के ठेवले की छान.

दुपार: ७३४ बसने वर, मग खाली, खाली, खाली

जेवणानंतर नदीकाठाने पूर्वेकडे दहा-पंधरा मिनिटं सपाट चाला. या काठाचं नाव रिबेइरा दाश नाउश. भारताकडे जाणारी जहाजं इथल्याच गोदीत बांधली जात. पुढे प्रासा दु कोमेर्सिउ हा भव्य चौक लागतो. इथला राजवाडा १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात आणि त्यामागून आलेल्या लाटेत गेला. मागची सरळ रेषेतली पेठ तेव्हाचा मंत्री, पोम्बालचा मार्किस, याने नव्याने वसवली. कमानीतून आत शिरून सरळ रोसिउपर्यंत या. वाटेत कुणी हळूच 'हशीश' म्हणत जवळ आलं तर न थांबता चालत राहा. ते बहुधा फसवे असतात आणि पाठलाग करत नाहीत.

रोसिउच्या शेजारी साँउ दोमिंगुशच्या चर्चमध्ये पाच मिनिटं जा. १९५९ च्या आगीत आतून जळालेले, तडकलेले खांब तसेच ठेवले आहेत. फुकट आहे आणि शहरातल्या सजवलेल्या चर्चांपेक्षा हे जास्त लक्षात राहतं. समोरच्या चौकात १८४० पासूनचं 'जिंजिन्या'चं छोटं दुकान आहे. आंबट चेरीची ही दारू उभ्यानेच प्यायची. 'कोम एलाश' म्हणजे फळासह, 'सें एलाश' म्हणजे फळाशिवाय. गोड लागते म्हणून दुसरा पेला सहज जातो. पुढे पायऱ्या उतरायच्या आहेत, एकावर थांबा.

पाच मिनिटांवर मार्तिम मोनिझ. इथे २८ ई ट्रामसाठी लांबलचक रांग दिसेल. तिच्यात उभे राहू नका. दुपारी इथे तास-तास जातो, आत बसायला जागा नसते, खिडकीतून काही दिसत नाही आणि पाकीटमारांसाठी शहरातली ही सर्वांत सोयीची जागा आहे. पिवळ्या लाकडी डब्याची हौस असेल तर रात्री आठनंतर बसा, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर काम्पु द ओउरीकच्या टोकाकडून. आज त्याच चौकातून ७३४ नंबरची बस घ्या आणि टेकडीवरच्या ग्रासा भागात उतरा. दिवसभराचा सगळा चढ एका बसमध्ये संपतो.

आता क्रम असा. ग्रासाहून किंचित चढून सेन्योरा दु मोंतचा कठडा. किल्ला, नदी, पूल, सगळं एका नजरेत. इथे गटाचा फोटो काढा. मग ग्रासाच्या चर्चसमोरचा दुसरा कठडा, पाइन झाडांची सावली आणि कॉफीचं टपरीवजा दुकान. तिथून काल्सादा दा ग्रासाचा उतार, मग ट्रामच्या रुळांच्या सोबतीने पोर्ताश दु सोलचा कठडा. शंभर पावलांवर सांता लुझियाचं चर्च आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशांचं चित्र आहे, भूकंपाआधीच्या त्याच नदीकाठच्या चौकाचं. तासापूर्वी ज्या चौकात उभे होता तो किती वेगळा होता ते इथे कळतं.

पोर्ताश दु सोलपासून जुन्या तटबंदीला लागून पायऱ्या अल्फामात उतरतात. १७५५ च्या भूकंपातून हा भाग बराचसा वाचला, म्हणून गल्ल्या अजून मध्ययुगीन आहेत. फोनवरचा नकाशा इथे भरवशाचा नाही, उंच भिंतींमध्ये निळा ठिपका भलतीकडे उड्या मारतो. नियम सोपा आहे: शंका आली की खाली जाणारी वाट घ्या, ती नदीलाच मिळते. ही घरं आहेत, लोक राहतात. दोरीवरच्या कपड्यांचे फोटो काढा, खिडकीच्या आत कॅमेरा नको.

किल्ल्याचं काय? आत मुख्यतः तट, बुरूज आणि मोर आहेत, तिकीट पंधरा युरोंच्या वर. रायगड-सिंधुदुर्ग पाहिलेल्यांनी वेळ कमी असेल तर खुशाल सोडावा. जायचंच असेल तर पेठेतल्या फान्केइरुश रस्त्यावरच्या इमारतीत फुकट सार्वजनिक लिफ्ट आहे. वर निघून थोडं चाललं की सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट, ती थेट किल्ल्याखालच्या रस्त्यावर सोडते. उतारावरच्या केबलगाड्यांवर मात्र बेत आखू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्लोरिया गाडीला मोठा अपघात झाला, त्यात सोळा माणसं गेली, आणि त्यानंतर त्या सगळ्या थांबवल्या होत्या.

संध्याकाळ: बोट किंवा फादु

इथे गटाने आधीच ठरवलेलं असावं, कारण दोन्ही धड होत नाहीत. फादु, म्हणजे इथलं पारंपरिक करुण गाणं, ऐकायचं असेल तर अल्फामातच थांबा आणि साडेआठचं टेबल आधी राखून ठेवा. जेवणासह माणशी ४० ते ६० युरो धरा. दिवे मंद झाले, गाणं सुरू झालं की बोलायचं नाही, काटा-चमचाही खाली ठेवायचा. सहाजणांचा गप्पिष्ट गट असेल तर ही रात्र त्यांना जड जाईल.

अशा गटाला बोट बरी. अल्फामाच्या पायथ्यापासून काइश दु सोद्रेपर्यंत पंचवीस मिनिटं सपाट चाल आहे. सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी धक्क्यावर या आणि कासिल्याशची बोट घ्या. दहा मिनिटांची फेरी. उजवीकडे '२५ एप्रिल' नावाचा लाल पूल, मागे डोंगरउतारावर पसरलेलं अख्खं शहर, त्यावर पिवळं ऊन. उतरल्यावर शेजारच्या कोरड्या गोदीत तीन डोलकाठ्यांचं एक जुनं लढाऊ जहाज उभं दिसेल. 'दों फेर्नांदु सेगुंदु इ ग्लोरिया' त्याचं नाव. ते आपल्याकडच्या दमणमध्ये सागवानाचं बांधलं आणि १८४३ मध्ये पाण्यात उतरवलं. १९६३ मध्ये जळालं, पुढे दुरुस्त केलं. संध्याकाळी आत जाता येत नाही, बाहेरून मात्र नीट दिसतं.

धक्क्यासमोरच्या कांदिदु दुश रेइश या पादचारी रस्त्यावर माशांची हॉटेलं ओळीने आहेत. 'आरोश द मारिश्कु', म्हणजे कोळंबी-शिंपल्यांचा रसदार भात, पातेल्यात येतो आणि दोघांचा म्हटला तर तिघांना पुरतो. काचेतले खेकडे, मोठी कोळंबी यांचे भाव किलोवर असतात. वजन करून किंमत सांगा असं आधी म्हणा, नाहीतर बिलात एकच पदार्थ चाळीस-पन्नास युरोंचा निघतो. गटात खाण्याच्या आवडी फार वेगवेगळ्या असतील तर बोटीने परत येऊन काइश दु सोद्रेसमोरच्या रिबेइरा बाजारात जा. तिथे लांब सामाईक टेबलं आहेत, प्रत्येकाने आपल्याला हवं ते आणावं. एकाने आधी जागा धरून बसावं, आठनंतर ती मिळत नाही.

दिवसाचा हिशेब माणशी असा: तिकीट आणि कार्ड ११ युरो, मठ १८, नाश्ता ५, दुपारचं जेवण १४, कॉफी-जिंजिन्या ३ ते ४, रात्रीचं जेवण २२. म्हणजे ७३ ते ७४ युरो. युरोला साधारण शंभर रुपये धरले तर साडेसात हजारांच्या आत.

परतीच्या बोटीची वेळ उतरतानाच धक्क्यावरच्या फलकावरून टिपून घ्या. मेट्रो रात्री एकपर्यंत चालते. त्यानंतर चौघांना ॲपवरची टॅक्सी परवडते, सहा असाल तर मोठी गाडी मागवा. सकाळी आठला टेकवलेलं तिकीट दुसऱ्या दिवशी आठपर्यंत चालतं, त्यामुळे सकाळचं विमान असेल आणि आठच्या आत मेट्रोत शिरलात तर विमानतळापर्यंतचा प्रवासही त्यातच होतो. कार्ड टाकून देऊ नका, त्यावर पुन्हा तिकीट भरता येतं.